शनिवारचा संविधान वर्ग: दादरच्या दुसऱ्या मजल्यावरील आठ बैठका

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मूलभूत हक्क आणि त्यांचे अर्थ या विषयावर मराठीतून एक अभ्यासवर्ग चालतो. आठ शनिवार, दुपारी चार ते साडेसहा, शुल्क २,४०० रुपये. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे आणि चाळीस माणसांच्या खोलीत तीन पंखे आहेत, त्यांपैकी एक फिरताना इतका आवाज करतो की शेवटच्या दोन रांगांना शिक्षकांचे निम्मे बोलणे ऐकू येत नाही. आयोजक संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि संस्था छोटी आहे. ज्यांना वर्ग शोधायचा असेल त्यांना दादरमध्ये चौकशी केल्यास तो सापडेल.

मी तेथे का गेलो हे सांगितल्याशिवाय माझे मत कोणत्या बाजूने झुकलेले आहे ते कळणार नाही. मी गिरगावातील एका उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी शासनाला उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत जन्मापासून भाडेकरू आहे. आमच्या चाळीला शंभर वर्षे होऊन गेली. दुरुस्ती, पुनर्विकास, घरमालकाची नोटीस, म्हाडाचे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे) दुरुस्ती मंडळ हे शब्द आमच्या घरात भाजीच्या भावासारखे रोज उच्चारले जातात. नोकरीत असताना या सगळ्याचा संविधानाशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, वर्गाचे हस्तपत्रक हाती आले आणि त्यात ‘अनुच्छेद ३९ (ख) आणि मुंबईच्या चाळी’ असा एक विषय छापलेला दिसला. एवढ्या एका ओळीसाठी मी पैसे भरले.

शिकवणारे दोघे. मुख्य शिक्षक उच्च न्यायालयात दीर्घकाळ वकिली केलेले ज्येष्ठ वकील आहेत. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. दुसऱ्या, एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत. वकीलसाहेबांची पद्धत अशी की ते खटला सांगतात, मग निकाल, मग न्यायमूर्तींमध्ये मतभेद असेल तर तो, आणि शेवटी फळ्यावर एकच प्रश्न लिहितात: ‘हाती काय आले?’ पहिल्या दिवशी हा प्रश्न मला थोडा नाटकी वाटला. चौथ्या शनिवारपर्यंत आम्ही सगळे तो लिहिला जाण्याआधीच आपापल्या वहीत उत्तर मांडू लागलो होतो. वर्गाचे खरे मोल या एका सवयीत आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिला शनिवार संविधानाच्या उद्देशिकेने सुरू होईल अशी माझी भीती होती. तसे झाले नाही. वकीलसाहेबांनी विचारले, “तुमची हाउसिंग सोसायटी तुमच्याशी भेदभाव करते, तर मूलभूत हक्काचा भंग होतो का?” निम्म्या वर्गाने हो म्हटले. तेथून अनुच्छेद १२ सुरू झाला. मूलभूत हक्क बहुतांशी ‘राज्या’विरुद्ध असतात, आणि या शब्दात केंद्र शासन, राज्य शासन, संसद, विधिमंडळ यांच्याबरोबर महानगरपालिकेसारखी स्थानिक प्राधिकरणेही येतात. पण सहकारी गृहनिर्माण संस्था सर्वसाधारणपणे त्यात बसत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या डोंबिवलीच्या काकूंना ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र असेच वाटत होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती, कारण मराठीत हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. वानखेडे स्टेडियमच्या आवारात कार्यालय असलेले क्रिकेट नियामक मंडळ ‘राज्य’ आहे का, या प्रश्नावर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली होती. बहुमताने मंडळ ‘राज्य’ नाही असे ठरवले, मात्र उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली. क्रिकेटचे नाव निघताच मागच्या बाकावरचे दोन तरुण जागे झाले, हेही नोंदवतो.

मात्र त्या दिवशीचा उत्तम भाग अनुच्छेद १५ चा होता. त्याचा पहिला खंड राज्याला बांधतो. दुसरा खंड मात्र खासगी माणसालाही लागू होतो: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे येथे अटकाव करता येत नाही. येथे ‘दुकान’ म्हणजे काय? संविधान सभेत हा प्रश्न विचारला गेला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हा शब्द व्यापक अर्थाने, मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या प्रत्येक जागेसाठी वापरल्याचे सांगितले होते. मग भाड्याने दिले जाणारे घर हे ‘दुकान’ होते का? मुंबईत घर शोधताना आडनाव आणि आहार या दोन्ही चौकश्या पार कराव्या लागलेल्या वर्गातील तीन जणांनी आपले अनुभव सांगितले. वकीलसाहेबांनी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. अहमदाबादमधील पारशी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा जो उपविधी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला, संस्था स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन. एका हक्काचा अर्थ लावताना दुसरा हक्क आडवा कसा येतो, याचे इतके घरगुती उदाहरण मला अन्यत्र मिळाले नसते.

दुसरा शनिवार जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ चा. हा विषय कोठेही शिकवला जातो, त्यामुळे मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. परंतु येथे शब्दांच्या निवडीची कथा नीट सांगितली गेली. मसुद्यात आधी अमेरिकी धर्तीचा ‘ड्यू प्रोसेस’ हा, म्हणजे कार्यपद्धती मुळातच न्याय्य हवी असे सांगणारा, शब्दप्रयोग होता. घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि त्या शब्दांमुळे निवडून न आलेल्या न्यायाधीशांच्या हाती कायदे रद्द करण्याची फार मोठी सत्ता जाईल ही शंका पक्की झाली. मसुदा समितीने ते शब्द काढून जपानच्या संविधानाच्या धर्तीवर ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द घातले. संविधान सभेत त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि स्वतः डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मधील भाषणात दोन्ही पर्यायांतील धोके मांडून निर्णय सभागृहावर सोडला. नंतर अटकेविषयीचा जो अनुच्छेद २२ आला, तो या उणिवेची काही प्रमाणात भरपाई करण्यासाठी होता.

प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्धच्या १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यात बहुमताने हे शब्द जसेच्या तसे वाचले: विधिमंडळाने कायदा केला आहे, त्यात कार्यपद्धती सांगितली आहे, ती पाळली आहे, संपले. प्रत्येक हक्क आपापल्या कप्प्यात. एकट्या न्यायमूर्ती फजल अली यांचे मत वेगळे होते. पुढे १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात कप्प्यांची ही कल्पना मोडली. सेंट्रल बँकेचे भागधारक रुस्तम कूपर यांच्या याचिकेवरचा तो निकाल, आणि त्यात युक्तिवाद केला तो मुंबईच्या नानी पालखीवालांनी. आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सात न्यायमूर्तींसमोर प्रश्न आला की पारपत्र ‘जनहितार्थ’ जप्त करताना कारण न सांगण्याची मुभा सरकारला आहे का. न्यायालयाने सांगितले की कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी. म्हणजे संविधान सभेने जो शब्द जाणूनबुजून वगळला होता, त्याचा बराचसा आशय तीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आला. हे योग्य झाले का, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. बाईंचे म्हणणे असे की शब्द निवडणाऱ्यांचा हेतू इतका स्पष्ट नोंदलेला असताना न्यायालयाने तो ओलांडणे ही गोष्ट केवळ निकाल आवडला म्हणून सोडून देता येत नाही. वकीलसाहेबांचे म्हणणे असे की हेतू स्वातंत्र्य कमी करण्याचा नव्हता, न्यायाधीशांना लगाम घालण्याचा होता, आणि कायदा करणारेच बेलगाम झाल्यावर त्या हेतूचा अर्थ बदलतो. मला बाईंचा मुद्दा अधिक प्रामाणिक वाटला, आणि निकाल वकीलसाहेबांच्या बाजूचा आवडला. ही विसंगती मी अजून सोडवू शकलेलो नाही.

मग फळ्यावरचा प्रश्न. मनेका गांधींच्या हाती त्या दिवशी काय आले? सरकारने सुनावणी देण्याची हमी दिली आणि पारपत्र तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निबंधकांच्या ताब्यातच राहिले. सगळ्या देशाला मिळालेली गोष्ट आणि याचिकाकर्त्याला मिळालेली गोष्ट यांत असे अंतर असते, हे कोणत्याही मार्गदर्शिकेत मी वाचले नव्हते.

तिसरा शनिवार या वर्गाचा कळस होता. विषय एकच, ओल्गा टेलिस खटला. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवरील झोपडीवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर याचिकाकर्ते, ज्यांत पदपथावर आणि झोपडपट्टीत राहणारी माणसेही होती, न्यायालयात गेले. त्यांचा युक्तिवाद असा की आम्ही येथे हौसेने राहत नाही, काम येथे आहे म्हणून राहतो, झोपडी काढाल तर रोजी जाईल आणि रोजी गेली तर जीवित कशावर चालणार? सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी हे मान्य केले: जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. आणखी एक गोष्ट त्या निकालात आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटली. पदपथावर राहण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, अशी कबुली याचिकाकर्त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात दिली गेली होती. तिच्यावर बोट ठेवून महापालिका म्हणत होती की आता त्यांना उलटे बोलता येणार नाही. न्यायालयाने उत्तर दिले की मूलभूत हक्क कोणालाही असा सोडून देता येत नाही.

आता हाती काय आले ते पाहा. महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ आयुक्तांना सूचना न देता अतिक्रमण काढू देते. न्यायालयाने ते रद्द केले नाही. त्याचा अर्थ असा लावला की सूचना न देणे ही आज्ञा नाही, मुभा आहे, आणि ती अपवादात्मक तातडीतच वापरायची. पदपथावरच्या झोपड्या काढता येतील असेच शेवटी ठरले. मिळाले ते एवढे: ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, हटवायचे नाही, आणि १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, पण तीही हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. जगभर ज्या निकालाचे दाखले दिले जातात, त्यातील माणसांना व्यवहारात एक पावसाळा मिळाला. हे ऐकताना बाहेर पाऊस सुरू होता आणि खाली फुलबाजाराच्या बाजूने फेरीवाल्यांची ताडपत्री बांधण्याची घाई चालली होती. शिक्षकांनी या योगायोगाचा कोणताही उपयोग करून घेतला नाही, हे मला आवडले.

चौथा वर्ग खोलीत नव्हता. आम्हाला एका कामकाजाच्या दिवशी सकाळी हुतात्मा चौकात जमायला सांगितले गेले आणि तेथून उच्च न्यायालयात नेले गेले. १८७८ साली पूर्ण झालेली ही इमारत बाहेरून सगळ्यांनी पाहिलेली असते. आत मध्यवर्ती न्यायकक्षात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, आणि ज्युरीचा कौल विरुद्ध गेल्यावरही मी निर्दोष आहे असे त्यांनी जे सांगितले, ते शब्द तेथे संगमरवरी फलकावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये त्या फलकाचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते झाले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाने आपल्या भिंतीवर आरोपीचे म्हणणे लावून ठेवले आहे. तेथे उभे राहून भाषणस्वातंत्र्य शिकण्यात अर्थ होता, आणि वकीलसाहेबांनी विषय नेमका तेथून उचलला. संविधानाच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत ‘राजद्रोह’ हा शब्द होता. तो काढून टाकण्याची सूचना मांडली ती मुंबईचेच वकील कन्हैयालाल मुन्शी यांनी, आणि ती स्वीकारली गेली. दंड संहितेतील कलम १२४अ मात्र तसेच राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देणाऱ्या बोलण्यापुरता त्याचा अर्थ आवळून ते जिवंत ठेवले, आणि २०२२ मध्ये त्याचा वापर स्थगित केला.

त्याच दिवशी, व्हरांड्यात उभ्याउभ्या, ‘क्रॉस रोड्स’ची गोष्ट सांगितली गेली. हे मुंबईहून निघणारे इंग्रजी साप्ताहिक, संपादक रोमेश थापर. मद्रास सरकारने त्याच्या प्रवेशावर बंदी घातली. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे सांगणाऱ्या अनुच्छेद १९ (२) मध्ये तेव्हा ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणच नव्हते. थापर जिंकले. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली आणि ते कारण यादीत घातले गेले. येथपर्यंतची हकीकत मला साधारण माहीत होती. माहीत नव्हते ते हे की त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या मागे ‘वाजवी’ हा शब्दही जोडला. आज नागरिकाच्या बाजूने न्यायालयात जो शब्द सर्वाधिक उपयोगी पडतो, तो सरकारने आपले अधिकार वाढवून घेताना सोबत आलेला आहे.

व्यवस्थेविषयी येथे तक्रार नोंदवायलाच हवी. या भेटीसाठी प्रवेशपत्र लागते, ओळखपत्राची मूळ प्रत लागते, हे संस्थेने आदल्या रात्री दहा वाजता कळवले. वसई आणि बदलापूरहून आलेल्या चौघांना छायाप्रतीवर भागेल असे वाटले होते, त्यांना फाटकाबाहेर राहावे लागले. त्यांची अनुपस्थिती भरून काढणारा दुसरा दिवस ठेवला गेला नाही आणि शुल्काचा भागही परत मिळाला नाही.

पाचव्या शनिवारबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात थोडकेच होते. एक पाहुणे वक्ते आले आणि संविधानाच्या अर्थनिर्णयनाचे सिद्धान्त पडद्यावर दाखवून वाचत राहिले: मूळ अर्थाला चिकटून राहणारे, बदलत्या काळानुसार अर्थ वाढवणारे, शब्दवादी, हेतुवादी. उदाहरणे बहुतेक अमेरिकेची होती. ज्या संविधानात शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत आणि ज्याच्या निर्मितीच्या प्रत्येक दिवसाचे भाषण छापलेले उपलब्ध आहे, त्याला हे साचे जसेच्या तसे लावता येतात का, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. त्या दिवशी खाली जाऊन प्यालेला चहा मला जास्त लक्षात आहे.

सहाव्या वर्गात व्यक्तिगत कायद्यांचा, म्हणजे विवाह, वारसा यांविषयीच्या त्या त्या धर्माच्या कायद्यांचा, प्रश्न होता आणि गाडी पुन्हा रुळावर आली, कारण ती मुंबईत परतली. १९५१ चा नरसू अप्पा माळी खटला मुंबई उच्च न्यायालयाचा, पीठावर छागला आणि गजेंद्रगडकर. मुंबई राज्याच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला आव्हान होते. कायदा टिकला, म्हणजे सुधारणा जिंकली. पण निकालाचे जे कारण पुढे टिकले ते असे की व्यक्तिगत कायदे हे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरवणाऱ्या अनुच्छेद १३ मधील ‘अमलात असलेल्या कायद्यां’त मोडत नाहीत, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर ते तपासता येत नाहीत. सुधारणेला वाचवणाऱ्या निकालाने पुढच्या अनेक सुधारणांची वाट अडवून धरली. २०१७ आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील काही न्यायमूर्तींनी या तर्काविषयी उघड शंका व्यक्त केली आहे. त्याला जोडून २०१६ चा हाजी अली दर्ग्याचा निकाल घेतला गेला, ज्यात मुंबई उच्च न्यायालयाने गाभाऱ्यातील स्त्रियांच्या प्रवेशबंदीला घटनाविरोधी ठरवले. ती बंदी जुनी नव्हती, अलीकडच्या काही वर्षांतच आली होती, आणि धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे ठरवताना या एका वस्तुस्थितीला किती वजन येते, हे बाईंनी फार चांगले उलगडून दाखवले.

सातव्या शनिवारी आरक्षण. येथे वर्ग तापणार हे सर्वांना ठाऊक होते आणि तो तापला. मराठा आरक्षण उच्च न्यायालयात २०१९ मध्ये, टक्केवारी कमी करून, टिकले आणि सर्वोच्च न्यायालयात ५ मे २०२१ रोजी रद्द झाले. इंद्रा साहनी निकालातील ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याइतकी असाधारण परिस्थिती नाही, असे कारण दिले गेले. पुढच्याच वर्षी आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता मिळाली तेव्हा तीच मर्यादा अभंग नसल्याचे बहुमताने म्हटले. दोन विद्यार्थी एकमेकांवर आवाज चढवू लागले तेव्हा वकीलसाहेबांनी दोघांनाही संविधानाची प्रत देऊन सांगितले, “५० हा आकडा यात कोठे आहे तेवढे शोधून द्या, मग भांडा.” तो आकडा संविधानात नाही, निकालात आहे. दोघेही खाली बसले, पण चर्चा येथे कापली गेली आणि मर्यादा कशी आली, ती का हवी किंवा नको, यावर दहा मिनिटेही मिळाली नाहीत. शांतता राखण्याची ही किंमत मला जास्त वाटली.

शेवटच्या शनिवारी आणीबाणी आणि चाळी हे दोन विषय एका बैठकीत कोंबले होते. आणीबाणीत स्थानबद्धांना अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, यावरचा एप्रिल १९७६ चा जबलपूर खटला चाळीस मिनिटांत आटोपला: चार विरुद्ध एक, एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना स्थानबद्धांच्या बाजूने, त्याबद्दल त्यांचे गेलेले सरन्यायाधीशपद, आणि ४१ वर्षांनी खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते बहुमत मोडीत काढणे. १९७६ च्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते आणि २०१७ मध्ये ते चुकीचे होते असे लिहिणारे त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड. तिसऱ्या शनिवारी ज्यांचा निकाल आम्ही कौतुकाने वाचला होता तेच हे थोरले चंद्रचूड, हे कोणीतरी बोलून दाखवले तेव्हा वर्ग काही क्षण गप्प राहिला. हा धागा पकडायला वेळ हवा होता.

आणि मग माझी एक ओळ. अनुच्छेद ३९ (ख) सांगतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल अशा रीतीने विभागले जावे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, हक्क नाही. पण अनुच्छेद ३१ग मुळे त्याच्यासाठी केलेल्या कायद्याला समानतेच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कांच्या आक्षेपांपासून संरक्षण मिळते. १९८६ मध्ये म्हाडा अधिनियमात आठ-अ हे प्रकरण घालून उपकरप्राप्त इमारती संपादन करून रहिवाशांच्या सहकारी संस्थेला देण्याची तरतूद झाली, त्यासाठी ७० टक्के रहिवाशांची मागणी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला. मुंबईतील घरमालकांच्या संघटनेने आव्हान दिले. खासगी इमारत ही ‘समाजाची’ साधनसंपत्ती कशी, हा प्रश्न २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला गेला आणि त्याचे उत्तर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी आले. बहुमत म्हणाले की प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, काही येऊ शकते, आणि ती कोणती हे साधनाचे स्वरूप, त्याचा समाजावरील परिणाम, त्याची दुर्मिळता, खासगी हाती एकवटण्याचे परिणाम यांवर ठरेल. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत अंशतः वेगळे होते, न्यायमूर्ती धुलिया यांचे पूर्णपणे.

शंभर पट भाडे ऐकून वर्गातील एक घरमालक गृहस्थ उठले. त्यांच्या आजोबांच्या इमारतीत आजही महिना शंभर रुपयांच्या आत भाडे येते, त्याची शंभर पट म्हणजे दहा हजारही नाही, आणि गिरगाव परिसरात त्यात एक फरशीही येणार नाही, असे ते म्हणाले. मी भाडेकरू असूनही मला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही. ते मात्र माझ्या चाळीच्या तुळया कोण बदलणार, याचे उत्तर देऊ शकले नाहीत. दोन अर्थांची टक्कर मी पहिल्यांदाच समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिली. नंतर आम्ही दोघे एकाच गाडीने चर्नी रोडपर्यंत गेलो.

फळ्यावरील प्रश्न मीच विचारला. वकीलसाहेब म्हणाले की नऊ न्यायमूर्तींनी शब्दांचा अर्थ सांगितला आहे, तुमच्या प्रकरण आठ-अ च्या वैधतेचा निर्णय त्या निकालाने केलेला नाही, आणि तुळई गळत असेल तर दुरुस्ती मंडळाकडचा अर्ज सोमवारीच द्या. हे उत्तर २,४०० रुपयांत मला महाग पडले नाही.

सर्वांत गंभीर दोष मी शेवटी ठेवला आहे: टिपणे. दर आठवड्याला झेरॉक्स केलेली पंधरावीस पाने मिळतात, अक्षर बारीक, आणि अनुवाद वेगवेगळ्या हातांचा. दुसऱ्या शनिवारच्या टिपणात ‘ड्यू प्रोसेस’साठी आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’साठी एकाच परिच्छेदात ‘विधिप्रक्रिया’ हा एकच शब्द आहे. ज्या दोन शब्दप्रयोगांतील फरकावर तीस वर्षे वाद चालला, ते मराठीत एक करून टाकले तर तो वाद वाचणाऱ्याला दिसणारच नाही. मी हे संस्थेच्या कार्यालयात सांगितले, त्यांनी नोंद करून घेतली, पण आठवा वर्ग संपेपर्यंत सुधारित पान आले नव्हते.

स्पर्धा परीक्षेसाठी कलमांची यादी पाठ करू इच्छिणाऱ्यांना हा वर्ग उपयोगी पडणार नाही. ज्यांच्या घरी एखादी नोटीस आलेली आहे, किंवा येण्याची शक्यता आहे, त्यांनी जावे, पुढच्या रांगेत बसावे आणि पाचव्या शनिवारी घरची कामे उरकून घ्यावीत. आमच्या मजल्यावरील दोघांनी पुढच्या तुकडीत नाव नोंदवले आहे. त्यांना मी माझी टिपणे दिली आहेत, दुसऱ्या शनिवारच्या पानावरील ‘विधिप्रक्रिया’ लाल शाईने खोडून.